दोन प्रोसेसर, एकच पाणी

पाणी आणि प्रोसेसरची जोडी यांची गाठ मुळात डेस्कटॉपवर पडलेली नाही. आयबीएमने १९८० साली जाहीर केलेल्या ३०८१ या मेनफ्रेममध्ये दोन प्रोसेसर जोडीने काम करत आणि दोन्ही पाण्यावर थंड होत. सिरॅमिकच्या एका पाटीवर शंभराहून अधिक चिपा, प्रत्येक चिपेच्या पाठीवर स्प्रिंगने दाबलेला धातूचा दट्ट्या, मधल्या फटींत हेलियम वायू आणि त्या सगळ्यावर पाणी खेळवणारी थंड पाटी, अशी ती रचना होती. नव्वदच्या दशकात कमी तापणाऱ्या सीमॉस चिपा आल्या आणि मेनफ्रेमवाल्यांनी नळ काढून टाकले. संगणकातलं पाणी संपलं असं वाटत असतानाच ते घरगुती कॅबिनेटमध्ये शिरलं.

१९९९ ते २०१२ हा त्या घरगुती नळकामाचा काळ. त्याबद्दल बोलताना लोक बहुतेक वेळा तापमानाचे आकडे सांगतात: अमक्याचा प्रोसेसर इतक्या अंशांवर राहिला, तमक्याचा तितक्या. मला त्या आकड्यांपेक्षा त्यामागच्या योजनांमध्ये जास्त रस आहे. उष्णता चिपेपासून खोलीबाहेर जाईपर्यंतच्या सगळ्या वाटेचा हिशेब लोक कधी करायला लागले आणि यंत्रणा उघडून साफ करण्याची सोय आराखड्यातच कधी धरली जाऊ लागली, यावरून या काळाची प्रगती मोजावी असं माझं मत आहे.

सुरुवात अबिट कंपनीच्या बीपी६ या मदरबोर्डपासून करावी लागते. सेलेरॉन हा इंटेलचा स्वस्त प्रोसेसर. तो जोडीने वापरावा अशी इंटेलची योजना नव्हती. १९९९ साली आलेल्या या बोर्डवर मात्र दोन सेलेरॉन कसलाही फेरफार न करता शेजारी शेजारी बसले. ३६६ मेगाहर्ट्झचे दोन घ्यायचे, बसचा वेग ६६ वरून १०० वर न्यायचा, आणि नशीब बरं असेल तर दोन्ही ५५० वर पळायचे. विंडोज ९८ला दुसरा प्रोसेसर दिसतच नसे, म्हणून विंडोज एनटी किंवा लिनक्स टाकावं लागे. उष्णता म्हणाल तर एकेक प्रोसेसर वीस-पंचवीस वॅटच्या घरातला. ॲल्युमिनियमचा बरा हीटसिंक आणि एक पंखा त्याला पुरत होता. तरीही काहींनी पाणी जोडलं. कारण ओव्हरक्लॉकिंगला, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवायला, जादा व्होल्टेज लागतं, आणि उष्णता वेगाच्या पटीत वाढते तशी व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. वेग सव्वापट आणि व्होल्टेज १.२ वरून १.३५ केलं, की उष्णता जवळजवळ १.६ पट होते. दोन प्रोसेसर असले की हा वाढीव बोजाही दुप्पट.

त्या वेळी बाजारात तयार सामान जवळपास नव्हतंच. पंप मत्स्यालयाचा, बहुधा जर्मनीच्या एहाइम कंपनीचा. रेडिएटर म्हणून मोटारीच्या हीटरचा गाभा. अमेरिकेतल्या हौशी मंडळींत १९७७च्या पाँटियाक बॉनव्हिल गाडीच्या तांब्याच्या हीटर कोअरला फार मागणी होती. प्रोसेसरवर बसणारा वॉटर ब्लॉक घरीच, तांब्याच्या ठोकळ्यात ड्रिलने आडवी-उभी भोकं पाडून केलेला. मत्स्यालयाचा पंप घरच्या विजेवर चालतो, संगणकाच्या १२ व्होल्टवर नाही. म्हणजे संगणक सुरू केला आणि पंपाचं बटण दाबायचं राहिलं, तर ब्लॉकमधलं पाणी जागच्या जागी तापत जाणार. म्हणून रिले बसवून एसएमपीएसबरोबरच, म्हणजे संगणकाच्या वीजपुरवठ्याबरोबरच, पंप सुरू होईल अशी व्यवस्था करायची. माझ्या दृष्टीने ही या क्षेत्रातली पहिली खरी योजना. थंडाव्याच्या आधी तिने विसराळूपणाचा बंदोबस्त केला.

२००१च्या जूनमध्ये एएमडीचा ॲथलॉन एमपी आणि त्यासाठी टायनचा थंडर के७ बोर्ड आला. आता एकेका प्रोसेसरची उष्णता पन्नास-साठ वॅटवर गेली. चिप उघडी, वर धातूचं झाकण नाही; जड हीटसिंक बसवताना जरा तिरका दाब पडला की तिचा कोपरा उडायचा. उभ्या बोर्डवर तांब्याचे दोन अवजड हीटसिंक लटकवायचे आणि प्रत्येकावर मिनिटाला सात हजार फेऱ्या घेणारा ६० मिलिमीटरचा पंखा ठेवायचा, तर खोलीत बसून बोलणं अवघड होई. दोन प्रोसेसरवाल्यांना पाण्याची ओढ लागली ती बरीचशी या आवाजामुळे. रेडिएटर मोठा घेतला तर पंखे सावकाश फिरवता येतात, आणि त्या शांततेसाठी लोक नळ्या कापायला तयार होते.

याच सुमाराला तो वाद पेटला, जो पुढे दहा वर्षं विझला नाही: पाणी आधी एका प्रोसेसरवरून आणि मग दुसऱ्यावरून न्यायचं, की फाटा काढून दोन्हींना एकाच वेळी द्यायचं? दुसऱ्या प्रोसेसरला पहिल्याचं तापलेलं पाणी मिळणार ही धास्ती ऐकायला रास्त वाटते. पण हिशेब मांडून पाहा. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल तर त्याचं तापमान एक अंशाने वाढायला सुमारे ७० वॅट लागतात. प्रवाह मिनिटाला चार लिटर असेल आणि पहिला प्रोसेसर १०० वॅट सोडत असेल, तर दुसऱ्याकडे पोचणारं पाणी अर्ध्या अंशानेही तापलेलं नसतं. थर्मल पेस्ट किंचित जाड लागली तरी याहून जास्त फरक पडतो.

फाटा काढण्यात उलट एक छुपा धोका होता. दोन्ही ब्लॉक अगदी सारखे असले तरच पाणी समान वाटलं जातं. एका ब्लॉकच्या बारीक खाचांत कचरा अडकला की पाणी मुकाट्याने सोप्या वाटेने, म्हणजे दुसऱ्या ब्लॉकमधून जातं. एकूण प्रवाह ठीकच दिसतो आणि एक प्रोसेसर तापत राहतो. एकामागोमाग एक जोडणीत अडथळा आला तर सगळाच प्रवाह मंदावतो आणि लगेच लक्षात येतो. बिघाड झाला तर तो दिसेल कसा, हा प्रश्न आराखड्यात यायला बरीच वर्षं जावी लागली.

मग आला ॲपलचा पॉवर मॅक जी५. या सगळ्या काळात सर्वांत शिकण्यासारखं प्रकरण मला हेच वाटतं. जून २००३मध्ये तो जाहीर झाला तेव्हा वरच्या मॉडेलमध्ये २ गिगाहर्ट्झचे दोन प्रोसेसर होते. आतल्या जागेचे चार कप्पे करून नऊ पंखे बसवले होते आणि प्रत्येक कप्प्याची हवा वेगळी खेळवली होती. स्टीव्ह जॉब्स यांनी वर्षभरात ३ गिगाहर्ट्झचं आश्वासन दिलं. पुढच्या जूनमध्ये आलं ते २.५ गिगाहर्ट्झचं यंत्र, आणि त्यात दोन्ही प्रोसेसर द्रवाने थंड होत होते. कारण चिपेच्या आकारात आहे. आयबीएमने ९० नॅनोमीटर पद्धतीने केलेली नवी चिप आधीच्या चिपेच्या जवळजवळ निम्म्या क्षेत्रफळाची होती. उष्णता तेवढ्या प्रमाणात घटली नाही, ती कमी जागेत दाटली. एवढ्याशा चौकोनातून ती पसरवून बाहेर काढायला धातू आणि हवा अपुरी पडू लागली.

ही यंत्रणा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या डेल्फाय कंपनीने तयार केली होती. पंप, दोन्ही प्रोसेसरवरच्या थंड पाट्या, रेडिएटर आणि नळ्या असा एकसंध, सीलबंद जुडगा. वापरणाऱ्याने आत हात घालायचा नाही, पाणी भरायचं नाही, काही बघायचंही नाही. एप्रिल २००५मध्ये २.७ गिगाहर्ट्झचं मॉडेल आलं, ऑक्टोबरमध्ये दोन दुहेरी गाभ्यांच्या चिपांचं ‘क्वाड’ आलं, तेही द्रवावर. पुढच्या काही वर्षांत यांतल्या काही यंत्रांत जोडांपाशी द्रव झिरपायला लागला. एसएमपीएस तळाशी असल्याने गळती थेट त्याच्यावर उतरे. प्रोसेसरच्या बोर्डांवर गंज चढे, आणि यंत्र एके दिवशी सुरूच होत नसे. या यंत्रांवर छायाचित्रं, संगीत, छपाईची कामं करणारे व्यावसायिक अवलंबून होते, हे विसरता कामा नये.

जी५ची रचना सुंदर होती, उष्णतेचा हिशेबही पक्का होता. तरी तिच्या आराखड्यात पाच-सात वर्षांनंतरचा दिवस नव्हता असं मला ठामपणे वाटतं. रबराचे वायसर कडक होतात, नळीतून पाण्याचा अंश हळूहळू बाहेर पडतो, वेगवेगळे धातू एकाच पाण्यात आले की गंज धरतो. त्याच काळातल्या हौशी मंडळींची जोडकामं दिसायला ओबडधोबड असली तरी ती वेळोवेळी उघडली जात. पाणी बदललं जाई, क्लॅम्प आवळले जात. सीलबंद यंत्रात मालकाला काळजी घ्यायची इच्छा असली तरी वाव नव्हता.

जून २००५मध्ये ॲपलने इंटेलकडे जाण्याची घोषणा केली. २००६च्या ऑगस्टमध्ये आलेल्या मॅक प्रोमध्ये दोन झिऑन प्रोसेसर होते आणि ते निव्वळ हवेवर थंड होत. इंटेलचाही मार्ग तोवर बदलला होता. वेग वाढवत नेण्याच्या हट्टातला पुढचा टप्पा म्हणजे ‘तेजस’ नावाची चिप. उष्णतेपायी ती मे २००४मध्येच रद्द झाली होती. २००५मध्ये एकाच चिपेत दोन गाभे मिळू लागले आणि साध्या ग्राहकाला दोन सॉकेटच्या बोर्डाचं कारण उरलं नाही.

तरी हौस उरली. एएमडीने २००६च्या अखेरीस १२५ वॅटच्या दोन प्रोसेसरांचं क्वाड एफएक्स आणलं, ते लवकरच मागे पडलं. २००८मध्ये इंटेलचं स्कलट्रेल आलं: १५० वॅटचे दोन प्रोसेसर, आणि सोबत स्वतःच चांगले तापणारे एफबी-डिम प्रकारचे मेमरी मोड्यूल. इथे पाण्यावर गेलेल्यांना एक नवी गोष्ट कळली. प्रोसेसरवरचा पंखा फक्त प्रोसेसरला वारा घालत नसतो. त्याचा सांडलेला वारा शेजारच्या मेमरीला, चिपसेटला आणि वीज पुरवणाऱ्या घटकांनाही मिळतो. वॉटर ब्लॉक लावला की तो वारा बंद होतो. प्रोसेसर थंड आणि त्याच्या भोवतालचं सगळं भाजतंय, असा प्रकार झाला. तेव्हापासून जाणत्या आराखड्यात पाण्याच्या जोडीला एखादा पंखा बोर्डवर रोखलेला असतोच.

२०१०चा ईव्हीजीए एसआर-२ हा या हौसेचा कळस. ३४५ गुणिले ३८१ मिलिमीटरचा हा बोर्ड मावेल अशी कॅबिनेटं मोजकीच होती. १३० वॅटचे दोन झिऑन ओव्हरक्लॉक केले की आधीच्याच हिशेबाने एकेक २०० वॅटच्या पुढे जातो, म्हणजे निव्वळ प्रोसेसरांचे ४०० वॅट. १२० मिलिमीटरच्या एका पंख्याइतक्या रेडिएटरवर १०० वॅट हा त्या काळी सर्रास धरला जाणारा ढोबळ अंदाज. त्याप्रमाणे किमान चार पंख्यांचा रेडिएटर. ग्राफिक्स कार्डंही त्याच पाण्यावर घेतली तर आणखी तेवढाच. एसआर-२ची योजना आखणारा माणूस आधी वॅटची बेरीज करायचा, मग रेडिएटर कुठे मावेल ते बघायचा, आणि ब्लॉक शेवटी निवडायचा. त्याच्या दहा वर्षं आधी हा क्रम नेमका उलटा होता.

बाकीच्या चालीरीतीही तोवर मुरल्या होत्या. पंप लेइंग कंपनीचा डी५ किंवा डीडीसी, १२ व्होल्टचा, म्हणजे रिलेची कटकट संपली. टाकी पंपाच्या वर, म्हणजे पंप कोरडा पडत नाही आणि हवेचे बुडबुडे वर निघून जातात. सर्वांत खाली पाणी काढायला तोटी. तांब्याच्या जोडीला ॲल्युमिनियम अजिबात नाही. रंगीत द्रवांपेक्षा डिस्टिल्ड वॉटर आणि शेवाळ धरू नये म्हणून थेंबभर औषध, कारण रंगाचा गाळ आणि मऊ नळ्यांतून सुटणारा चिकट थर ब्लॉकच्या खाचा बुजवतो. एसएमपीएसच्या जोडणीतली हिरवी तार काळीला जोडून, बोर्डला वीज न देता, फक्त पंप चोवीस तास चालवायचा आणि प्रत्येक जोडाखाली कागद ठेवून ओल दिसते का ते पाहायचं. हे सगळं कोणा एका कंपनीने शिकवलेलं नाही. जळालेल्या बोर्डांच्या किमतीत अनेकांनी मिळून ते शिकून घेतलं, आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

२०१२मध्ये हा अध्याय जवळपास संपला. नव्या झिऑनमध्ये मूळ घड्याळाचा वेग इतर सगळ्या जोडण्यांशी बांधला गेला आणि ओव्हरक्लॉकिंगला वाव राहिला नाही. एसआर-२चा वारस एसआर-एक्स त्यामुळे फिका पडला. २०१७पासून एएमडीचा थ्रेडरिपर एकाच सॉकेटमध्ये १८० वॅट आणि पुढे २८० वॅट घेऊन आला, आणि दोघांचं काम एकटा करू लागला.

दोन प्रोसेसर आणि पाणी ही जोडी तोवर मोठ्या खोल्यांत परतली होती. २०१२ साली जर्मनीत म्युनिकजवळच्या गार्शिंगला सुपरएमयूसी हा महासंगणक सुरू झाला. त्याच्या हजारो नोडमध्ये प्रत्येकी दोन झिऑन होते आणि त्यांना दिलं जाणारं पाणी ४५ अंशांपर्यंत गरम चालत असे. चिप सत्तर-ऐंशी अंश सहज सोसते, मग पाणी गार करण्यावर वीज का घालवायची, हा त्यामागचा विचार. पुण्यात पाषाणच्या आयसरमध्ये २०१९ साली बसवलेल्या ७९७ टेराफ्लॉप्सच्या परम ब्रह्म या महासंगणकातही नोडमागे दोन झिऑन आहेत आणि प्रोसेसरच्या पाठीवरूनच पाणी खेळवलं जातं. गार्शिंगला ते तापलेलं पाणी हिवाळ्यात इमारती उबदार ठेवायला वापरता आलं. आपल्याकडे तशी गरज नसते. एप्रिल-मेच्या चाळीस अंशांच्या हवेतच ती उष्णता सोडावी लागते. पाणी आणि हवा यांच्या तापमानात फरकच थोडा उरतो, म्हणून इथे आराखडा काढणाऱ्याला, मग तो घरचा असो की संस्थेचा, रेडिएटर आधी ठरवावा लागतो आणि तो पुस्तकी अंदाजापेक्षा बराच मोठा घ्यावा लागतो.