कांचनजंगा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मुंबईत पेडर रोडलगत कंबाला हिलवर कांचनजंगा अपार्टमेंट्स ही 28 मजली निवासी इमारत आहे. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी प्रवीणा मेहता यांच्यासह तिचा आराखडा केला. शिरीष पटेल तिचे संरचना अभियंता होते. 1970 मध्ये हाती घेतलेले काम 1983 मध्ये पुरे झाले. उंची सुमारे 84 मीटर, पाया मात्र 21 बाय 21 मीटर. एवढ्या उंचीत घरे फक्त 32 आहेत. ती चार प्रकारची, तीन ते सहा शयनगृहांची आणि वरखाली एकमेकांत गुंतलेली आहेत.

ही इमारत म्हणजे परदेशी टॉवरची नक्कल, असे बरेच जण समजतात. बाह्यरूपापुरते ते खरेही वाटते. उघडे काँक्रीट आणि मोठे पांढरे पृष्ठभाग यांत ल कॉर्बूझिए या वास्तुरचनाकाराच्या परंपरेची छाप दिसते, आणि कोरियांचे शिक्षणही अमेरिकेत झाले होते. पण घरांची मांडणी मुंबईच्या हवेतून सुचलेली आहे. तिथे समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो. अरबी समुद्र पश्चिमेला आणि बंदर पूर्वेला दिसते. म्हणून घरे पूर्व-पश्चिम हवीत. अडचण अशी, की दुपारचे ऊन आणि पावसाची झडही त्याच पश्चिमेकडून येते. जुन्या बंगल्यांनी राहत्या खोल्यांभोवती व्हरांडा फिरवून हे कोडे सोडवले होते. कोरियांनी तो व्हरांडा उंचावर नेला.

इमारतीच्या कोपऱ्यांतल्या मोठ्या खाचा म्हणजे हाच व्हरांडा : दोन मजली उंचीच्या बागगच्च्या. त्यांना शोभेचे काम म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. खोलीची भिंत गच्चीमागे आत घेतलेली असल्याने तिरपे ऊन आणि झड बरीचशी गच्चीच्या फरशीवरच अडते, आणि वारा मात्र घरातून आरपार जातो. वाड्याची ओसरी माजघरासाठी करते तेच काम ही गच्ची करते. हल्लीच्या फ्लॅटमधली वीतभर गॅलरी ते करू शकत नाही, कारण सगळे गच्ची किती खोल आहे यावर अवलंबून आहे.

याचा अर्थ तोच नकाशा मराठवाड्यात, नायगावात किंवा नांदेडात आणून उभारावा, असा होत नाही. मुंबईची हवा दमट, तिथे वारा आत घ्यायचा असतो. मराठवाड्यात मे महिन्यात पारा 42 अंशांपलीकडे जातो आणि दुपारचा वारा म्हणजे झळा. तो अडवायचा असतो. कोरियांनी स्वतः कोरड्या उष्ण हवेसाठी अगदी वेगळे घर रचले होते. 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदाबादेत बांधलेल्या त्यांच्या ‘ट्यूब हाउस’मध्ये तापलेली हवा उतरत्या छताच्या आतल्या अंगाने वर चढून माथ्याच्या झरोक्यातून निघून जाई आणि तिच्या जागी खालून ताजी हवा येई.

कोपऱ्यात खांब नाहीत, म्हणजे इमारत कमकुवत, अशीही शंका घेतली जाते. कांचनजंगात वारा आणि भूकंपाचे आडवे धक्के पेलण्याचा मुख्य भार मध्यभागी, लिफ्टभोवतीच्या काँक्रीटच्या गाभ्यावर आहे. साचा सलग वर सरकवत हा गाभा उरलेल्या बांधकामाच्या आधी उभा केला गेला. बहुमजली इमारतीसाठी हे तंत्र भारतात प्रथम वापरले गेले ते इथेच. त्यामुळे कोपऱ्यातल्या गच्च्या 6.3 मीटरपर्यंत अधांतरी काढता आल्या.

किल्लारीचा भूकंप सोसलेल्या मराठवाड्यात हा मुद्दा जिवाचा आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे बहुतेक बळी दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीची जड माळवदे यांखाली गेले. त्यावरून ‘आरसीसी म्हणजे निर्धोक’ असा समज रुजला. तो घातक आहे. 26 जानेवारी 2001 च्या भुज भूकंपात केंद्रापासून 200 किलोमीटरहून दूर असलेल्या अहमदाबादेत आरसीसी इमारती कोसळल्या. त्यांतल्या अनेकींचा तळमजला पार्किंगसाठी मोकळा होता. वर भिंतींनी ताठ झालेले मजले आणि खाली नुसते खांब. सळया-सिमेंटइतकेच महत्त्व धक्का जमिनीपर्यंत कुठल्या वाटेने उतरतो याला आहे, आणि ते गणित अभियंत्याने आधी मांडावे लागते.

उंच इमारत हेच सर्वांच्या घरांचे उत्तर, असे कोरियांचे मत होते ही समजूतही चुकीची आहे. कांचनजंगा श्रीमंतांसाठीच बांधली गेली, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. पण 1960 च्या दशकाच्या मध्यात कोरिया, मेहता आणि पटेल या तिघांनीच खाडीपलीकडे नव्या मुंबईची कल्पना मांडली. त्यासाठी 1970 मध्ये सिडको हे महामंडळ स्थापन झाले. नांदेडकरांच्या ओळखीची सिडको वसाहत याच महामंडळाची. सिडकोसाठीच कोरियांनी बेलापूरला 1980 च्या दशकात सुमारे 550 कुटुंबांची बैठी वसाहत आखली. तिथे छोट्या अंगणाभोवती सात-सात घरे आहेत. प्रत्येक घर स्वतःच्या भूखंडावर असून शेजाऱ्याशी त्याची भिंत सामाईक नाही, त्यामुळे ऐपतीप्रमाणे खोली वाढवता येते.