आधी अल्बम दाखवा

कार्तिकात तुळशीचं लग्न लागलं की जालना जिल्ह्यात लग्नसराई उघडते. मंगल कार्यालय, आचारी, बँड ठरले की मंडळी फोटोवाल्याच्या दारात येतात. एकटं कुणी येत नाही. मुलीला इन्स्टाग्रामवर पाहिलेले कँडिड फोटो हवे असतात. वडील पानं आणि पैसे यांचा हिशेब मांडतात. सोबतची आत्या पाहते ती एकच गोष्ट, आहेर करणाऱ्या पाहुण्यांचे फोटो धड आलेत का. आत्याला हसू नये. वीस वर्षांनी तोच अल्बम उघडला जाईल तेव्हा, ‘हे आपले परतूरचे मामा, आता नाहीत,’ असं बोट त्याच फोटोवर ठेवलं जाणार आहे.

अशा बैठकीत बहुतेक फोटोग्राफर वेगवेगळ्या लग्नांतले निवडक फोटो टॅबवर सरकवत दाखवतात. दिसायला ते झकास असतं, पण त्यावरून काही कळत नाही. हंगामभर फिरणाऱ्या कुणालाही चाळीस चांगले फोटो सापडतातच. रोलचा जमाना होता तेव्हा एका रोलमध्ये 36 फोटो बसायचे, त्यामुळे प्रत्येक बटण जपून दाबलं जायचं. आता एका लग्नात हजारांनी फोटो निघतात. म्हणून माझ्या मते दाखवावं आणि मागावं ते एकच सबंध लग्न: हळदीपासून पाठवणीपर्यंत, क्रमाने, छापलेल्या अल्बमात. बारा बाय छत्तीसचं करिज्मा पान मांडीवर उघडलं की त्वचेचा रंग, गर्दीतले चेहरे, मधले कंटाळवाणे तास कसे निभावले, सगळं उघडं पडतं. मोबाइलची चकाकती काच यातलं बरंच झाकते.

खरी परीक्षा उजेडाची. मे महिन्यात भर दुपारचा मुहूर्त, वर लाल-पिवळ्या कापडाचा मांडव. ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि हळद न लावलेली माणसंही पिवळी दिसतात. कॅमेऱ्यात व्हाइट बॅलन्स जागेवरच साधला नाही, तर नंतर संगणकावर किती सारवासारव करणार? गोरज मुहूर्ताचं दुखणं उलटं. मंगलाष्टका सुरू होताना संधिप्रकाश असतो, संपेपर्यंत अंधारून येतं. या दोन्ही वेळांचे फोटो ज्याच्या अल्बमात आहेत, त्याच्याशी पुढचं बोलावं. अंतरपाट दूर होण्याचा क्षण तर परत मागता येत नाही. घनसावंगी तालुक्यातल्या जांबचे समर्थ रामदास ‘सावधान’ ऐकताच बोहल्यावरून निघून गेले, अशी आख्यायिका आहे. तिथे आजचा फोटोग्राफर असता, तर त्याची लेन्स बदलून होईपर्यंत नवरदेव दिसेनासा झाला असता.

समोर कोणतं घर बसलंय, हेही ओळखायला हवं. मारवाडी कुटुंबाला रात्रीचे फेरे पाहायचे असतात. बौद्ध कुटुंबाला पांढऱ्या वस्त्रांतले वधू-वर, बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोरचा विधी. त्यांच्यापुढे होमाच्या धुराचे फोटो सरकवत बसणं म्हणजे ऐकून न घेताच बोलणं. निकाहचं काम दाखवताना तर त्या घरच्या बायकांचे फोटो परक्यांना दाखवायला परवानगी आहे का, हे आधी पाहावं. जालना 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्या संस्थानाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांनी 1892 मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला होता. तिथे फोटो काढणारीही स्त्रीच होती. सव्वाशे वर्षांहून जुनी ही समज आज व्हॉट्सअ‍ॅप स्टेटसच्या घाईत विसरली जाते.

अल्बममध्ये ड्रोनची दृश्यं असतील, तर कागदही विचारावेत. 2021 च्या ड्रोन नियमांनुसार 250 ग्रॅमपेक्षा जड ड्रोनची नोंदणी लागते आणि तो धंद्यासाठी उडवायचा तर रिमोट पायलट प्रमाणपत्रही.

फोटो कुणाचे, या प्रश्नावर दोन्ही बाजू सहसा गप्प असतात. कॉपीराइट कायदा, 1957 मधलं कलम 17 सांगतं की मोबदला देऊन कुणी फोटो काढून घेतले आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा. म्हणजे तुमच्या लेकीच्या लग्नाचे फोटो पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायचे, तर फोटोग्राफरने तुमची संमती घ्यायला हवी. बयाण्याच्या पावतीवर दोन ओळी पुरतात: कोणते फोटो दाखवायचे आणि कुठे, दुकानातल्या अल्बमात की इंटरनेटवरही. नवरा-नवरी हो म्हणतील, पण मागे उभ्या मावशीला ते नको असेल, तर तिचा फोटो वगळावा.

त्याच पावतीवर अल्बम कधी मिळणार, हेही लिहून घ्यावं. फक्त एक अट फोटोग्राफरच्या बाजूनेही घालावी लागेल. दिवस मोजायचे ते घरच्यांनी फोटो निवडून दिल्यापासून. हजारो फोटोंतून दीडशे निवडायला बसलेली घरं पुढची तुळशीची लग्नं आली तरी ‘आत्याचा कोणता ठेवायचा’ यावरच अडलेली असतात.