खोकला, हंडा आणि एक ग्रॅम

तलासरीच्या पाड्यांवर आवणीच्या दिवसांत बाई तासन्‌तास वाकलेली असते, उन्हाळ्यात डोक्यावर हंडा. तिला कुणी विचारलं, ‘ताई, खोकल्यावर लघवी सुटते का?’ तर ती आधी इकडेतिकडे पाहते. आपणहून ती हे क्वचितच सांगते. चार बाळंतपणं झाल्यावर असं व्हायचंच, अशी तिची समजूत असते. ही समजूत चुकीची आहे.

खोकताना, शिंकताना किंवा वजन उचलताना पोटातला दाब एकदम वाढतो आणि मूत्राशयावर येतो. ओटीपोटाच्या तळाचे स्नायू त्याच क्षणी मूत्रमार्ग आवळून धरतात. बाळंतपणात ते ताणले गेले, की दाब जिंकतो आणि थेंब सुटतात. घाईची लघवी आवरत नाही, तो आजार वेगळा आणि त्याचे उपचारही वेगळे. म्हणून गळती मोजण्याआधी नीट विचारावं लागतं, जंतुसंसर्ग नाही ना हे पाहण्यासाठी लघवी तपासावी लागते.

मोजायला मोठं यंत्र लागतंच असं नाही. कोरडा पॅड तोलून लावायचा, अर्धा लिटर पाणी पिऊन पंधरा मिनिटं बसायचं. मग अर्धा तास चालणं, त्यात एक जिना चढणं-उतरणं. शेवटी दहा वेळा उठबस, दहा वेळा जोरात खोकणं, मिनिटभर जागच्या जागी धावणं, पाच वेळा वाकून वस्तू उचलणं, मिनिटभर वाहत्या पाण्यात हात धुणं. तासाभराने पॅड पुन्हा तोलायचा. वजन एक ग्रॅमपेक्षा जास्त वाढलं, तर गळती आहे असं धरतात. त्याहून कमी वाढ घामाचीही असू शकते.

पण या चाचणीत जिना आहे, भरलेला हंडा नाही. दवाखान्यात कोरडी राहिलेली बाई विहिरीवरून येताना भिजू शकते. म्हणून मला चोवीस तासांची चाचणी इथे अधिक खरी वाटते. घरची नेहमीची कामं चालू ठेवायची, वापरलेला प्रत्येक पॅड लगेच प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधायचा, म्हणजे तो सुकत नाही. दुसऱ्या दिवशी सगळे तोलायचे. सोबत किती पाणी प्यायलं, कधी सुटलं, याची नोंद. लिहिता येत नसेल तर खुणा चालतात. मूत्राशयात नळी घालून दाब मोजण्याची तपासणी गुंतागुंतीच्या रुग्णांसाठी, बहुधा शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा.

अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी 1948 मध्ये ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला. पकड किती, हे दाखवणारं दाबमापकही त्यांनी बनवलं. आजही पहिला उपचार तोच: जाणकाराकडून शिकून, दिवसातून तीनदा, प्रत्येक वेळी निदान आठ वेळा स्नायू आवळायचे, किमान तीन महिने. त्यानंतर तेवढंच पाणी पिऊन, तीच कामं करून पॅड पुन्हा तोलायचा.