सव्वादोन किलोचा कागद आणि अडकलेलं पेमेंट

ग्रिल, गेट, शेड यांच्यापलीकडे काहीतरी करायचं म्हणून बरेच फॅब्रिकेशनवाले आता किऑस्कची कपाटं करायला घेतात. दवाखान्यात टोकन देणारं किंवा स्टेशनवर तिकीट काढायचं असतं ना, तसलं उभं मशीन. प्रिंटर आणि स्क्रीन विकत मिळतात. आपल्याकडे येतो पत्रा, रंग आणि आतला रोल होल्डर. घोळ होतो तो या होल्डरमध्येच.

शहापूर-मुरबाड रस्त्यावर भातसा नदीकाठी सापगाव आहे. तिकडचा एक मुलगा आमच्या बॅचला होता. त्याने टोकन मशीनची सहा कपाटं केली. फिनिशिंग झकास, शेडमध्ये टेस्टही पास. मशीन बसली आणि चार दिवसांत तक्रार आली : टोकनवरच्या पहिल्या दोन ओळी दबलेल्या येतात, मधेच कागद अडकतो. पार्टीने निम्मे पैसे रोखून धरले. त्याने स्वतःच्या खर्चाने एक प्रिंटर बदलून बघितला, तरी तेच. गंमत म्हणजे रोल अर्धा संपला की तेच मशीन आपोआप नीट चालायचं!

मी त्याला एवढंच विचारलं, "टेस्ट कुठल्या रोलवर केलीस?"

त्याने बाजारात मिळणारा बिलिंगचा रोल लावला होता. ८० मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर व्यासाचा. पार्टी लावत होती २०० मिलिमीटर व्यासाचा. आता हिशोब बघा. ५५ जीएसएमचा थर्मल कागद साधारण ०.०६ मिलिमीटर जाड धरला, तर छोट्या रोलमध्ये ८० मीटर कागद बसतो, वजन ३५० ग्रॅम. मोठ्यात ५०० मीटरच्या वर, वजन सव्वादोन किलो. वजन सहापटीहून जास्त, आणि थांबलेला रोल फिरवताना कागदावर येणारा पहिला झटकाही जवळपास तेवढाच वाढतो. प्रिंटरचा रबरी रोलर बिचारा तिथे घसरतो. कागद पुढे सरकत नाही, छपाई मात्र चालू राहते. म्हणून ओळी दबतात.

हे कळल्यावर त्याने दांड्याला बेअरिंग टाकले. कुणालाही हेच सुचेल. पण त्रास वाढला! कारण प्रिंटर थांबला तरी भरलेला रोल फिरतच राहिला, कागद सैल पडला, आणि पुढच्या टोकनला त्या सैल कागदाला आणखी जोरात हिसका बसला.

उपाय निघाला दोन स्वस्त गोष्टींत. रोल आणि प्रिंटरच्या मधे स्प्रिंगवर झुलणारा एक हलका दांडा, ज्यावरून कागद वळून जातो. पहिला झटका हा दांडा खाली झुकून खातो, मग रोल सावकाश फिरायला लागतो. आणि दांड्याच्या टोकाला फेल्टचा वॉशर, हलकासा ब्रेक म्हणून. बस्स.

बाजूच्या चकत्यांमध्ये कागदाला दोन्हीकडे मिळून एक-दोन मिलिमीटर मोकळीक ठेवा, नाहीतर कडा घासते. दांडा प्रिंटरच्या रोलरला समांतर आहे का, हे हाताने मीटरभर कागद ओढून तपासा. एका बाजूला सरकत गेला तर वेल्डिंग तिरकं आहे, प्रिंटरला शिव्या घालू नका.

रोल संपत आल्याचं सांगणारा सेन्सर मात्र लांबट खाचेत बसवा, म्हणजे वर-खाली सरकवता येईल. कोअर बाहेरून ३२ मिलिमीटरचा असेल आणि त्यावर ४ मिलिमीटर थर उरल्यावर सेन्सर बोलला, तर हातात साडेसात मीटर कागद राहतो. १५ सेंटिमीटरची ५० टोकनं. दवाखान्याच्या सकाळच्या गर्दीला ती पुरायची नाहीत. ८ मिलिमीटरवर ठेवला तर ११० निघतात. आणि रोल घेताना विचारा, शेवटचं टोक कोअरला चिकटवलेलं आहे का? असेल तर शेवटी प्रिंटर ते ओढत बसतो आणि अडकतो. न चिकटवलेलेच मागा.

आपल्याकडच्या पावसात उघडा पडलेला कागद ओल धरतो, म्हणून जादा रोल पिशवीतच राहू द्या. कागद कुठल्या बाजूने घालायचा त्याचा बाण आत रंगवा. उलटा घातला तर टोकन कोरंच येतं, आणि फोन तुम्हालाच येतो.

त्याने सहाही मशीनचे होल्डर बदलले. सामान किरकोळ लागलं, पैसा गेला तो फेऱ्यांत आणि त्या प्रिंटरमध्ये. रोखलेली रक्कम मिळाली. आता कोटेशन देण्याआधी तो पार्टीकडून त्यांचा भरलेला रोल मागून घेतो आणि तो लावूनच टेस्ट करतो.