यीस्टमधील ईआयएफ-४ए प्रथिनाची स्फटिकरचना : एक विवेचन

प्रस्तावना :
संदेशवाहक आरएनएमधील माहितीनुसार प्रथिन तयार होण्याच्या प्रक्रियेस भाषांतरण असे म्हणतात. दृश्यकेंद्रकी पेशीत रायबोसोमचा लहान घटक आरएनएच्या एका टोकाशी जोडला जातो व प्रारंभ-संकेताच्या शोधात पुढे सरकतो. मात्र आरएनएचा धागा ठिकठिकाणी स्वतःवरच दुमडलेला असतो. या घड्या उलगडण्याचे कार्य ईआयएफ-४ए हे प्रथिन एटीपीच्या ऊर्जेवर करते. प्रस्तुत लेखात या प्रथिनाची रचना व तिचा अर्थ यांचा विचार केला आहे.

रचनेचे स्वरूप :
यीस्टमधील हे प्रथिन ३९५ अमिनो आम्लांचे आहे. इ. स. २००० मध्ये कॅरुदर्स, जॉन्सन व मॅके यांनी क्ष-किरण विवर्तनाद्वारे त्याची संपूर्ण रचना प्रसिद्ध केली. कार्बॉक्सिल टोकाकडील खंडाची रचना १.७५ अँगस्ट्रॉम, तर संपूर्ण प्रथिनाची २.८ अँगस्ट्रॉम विभेदनाने मिळाली. दोन घट्ट खंड व त्यांना जोडणारा लांबट दुवा, असा तिचा आकार व्यायामाच्या डंबेलसारखा दिसतो. पहिल्या खंडात एटीपी बांधले जाते. 'डी-ई-ए-डी' ही अमिनो आम्लांची वैशिष्ट्यपूर्ण क्रमरचनाही तेथेच आहे. या कुलातील प्रथिनांना त्यावरूनच नाव मिळाले आहे.

एक पेच :
एटीपीचे विघटन व आरएनएचे बंधन यांसाठी आवश्यक असणारे क्रम दोन्ही खंडांत विभागलेले आहेत. स्फटिकात मात्र हे खंड परस्परांपासून दूर आहेत. म्हणजेच स्फटिकात दिसणारी अवस्था कार्यरत अवस्था असू शकत नाही. संशोधकांनी अन्य हेलिकेज प्रथिनांच्या आधारे असे अनुमान मांडले की, एटीपी बांधले गेल्यावर खंड जवळ येत असावेत. २००६ मध्ये याच कुलातील, फळमाशीच्या 'वासा' प्रथिनाची आरएनएसह रचना मिळाली. तीत दोन्ही खंड मिटलेले असून आरएनएचा धागा वाकलेला आढळला. पुढे २००८ मध्ये यीस्टमधील ईआयएफ-४ए व ईआयएफ-४जी यांच्या संयुक्त रचनेने (२.६ अँगस्ट्रॉम) आणखी एक बाब स्पष्ट केली. ईआयएफ-४जी दोन्ही खंडांना स्पर्श करून त्यांना परस्परांसमोर योग्य स्थितीत धरून ठेवते. एकटे असताना ईआयएफ-४ए दुर्बळ का ठरते, याचा उलगडा त्यामुळे होतो.

समारोप :
स्फटिकरचना म्हणजे गतिमान रेणूच्या एका क्षणाचे छायाचित्र होय. पाठ्यपुस्तकातील एकच आकृती दाखवून 'प्रथिन असे असते' असे शिकविल्यास विद्यार्थ्यास आकार समजतो, कार्य समजत नाही. सन २००० ची रचना चुकीची नव्हती, ती अपुरी होती. आणि तिचे अपुरेपण संशोधकांनी स्वतः ओळखले, म्हणूनच पुढील प्रश्न विचारता आले. अध्यापनात निष्कर्षाबरोबर हा प्रवासही मांडला जावा, असे नम्रपणे सुचवावेसे वाटते.