खडकाला चिकटलेली प्रयोगशाळा

अलिबागपासून मुरूडपर्यंतच्या काळ्या खडकांवर शिनाणे नावाचा शिंपला वाढतो. ओहोटीला ते काढायला गेलेल्या कोणाही कोळणीला विचारा, नुसत्या हाताने ते सुटत नाही. रश्श्यातला गर संपला की शिंपल्या उकिरड्यावर जातात. पदार्थवैज्ञानिकांचे काम तिथूनच सुरू होते.

शिंपलीची आतली चकचकीत बाजू वजनाने सुमारे 95 टक्के अ‍ॅरागोनाइट असते. म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. नैसर्गिक खडूही त्याचाच, आणि तो सहज मोडतो. उरलेला वाटा प्रथिने आणि कायटिनचा. जादू आहे ती रचनेत. खनिजाच्या चकत्या जेमतेम अर्धा मायक्रॉन जाड, आणि दोन चकत्यांमधला मऊ पापुद्रा 20-30 नॅनोमीटरचा. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. तडा आत शिरला की त्याला सरळ वाट मिळत नाही. तो पापुद्र्यातून वळसे घेतो, चकत्या किंचित सरकतात, प्रथिने ताणली जातात आणि त्यातच त्याचा जोर सरतो. निव्वळ अ‍ॅरागोनाइटच्या तुलनेत हे कवच मोडायला काही मोजमापांत हजारो पट ऊर्जा लागली. कुलाबा किल्ल्याच्या तटातले मोठे दगड चुन्याशिवाय रचले आहेत. लाटेचे पाणी फटींत शिरते आणि तिचा मार विरतो. शिंपलीसारखाच इथेही सांधा थोडा सैल आहे म्हणूनच भिंत टिकते.

शिंपलीच्या या रचनेची नक्कल 2006 साली अमेरिकेतल्या लॉरेन्स बर्कले प्रयोगशाळेत बर्फाच्या मदतीने झाली. सिरॅमिकची पूड पाण्यात कालवून ते एका दिशेने गोठवले. बर्फाचे पातळ पापुद्रे वाढताना पूड बाजूला सारतात आणि तिचे थर बनतात. मग बर्फ काढून थर भाजायचे, फटींत दुसरा पदार्थ भरायचा. पुढे 2008 मध्ये अ‍ॅल्युमिना आणि अ‍ॅक्रिलिकचा असाच चिवट पदार्थ तयार झाला. नक्कल उत्तम, पण तिला भट्टी लागते. शिनाणे हेच काम समुद्राच्या पाण्यात, त्याच्याच तापमानाला उरकते.

त्याला खडकाशी धरून ठेवणारे धागे हा वेगळाच प्रकार. ओल्या, खारट, लाटा झेलणाऱ्या दगडावर चिकटणारा डिंक माणसाला अजून नीट जमलेला नाही. जीवरसायनशास्त्रज्ञ हर्बर्ट वेट यांनी 1981 मध्ये शिनाण्याच्या भाऊबंदांच्या चिकट प्रथिनात डोपा हा घटक दाखवला. त्यावरून 2007 मध्ये, जवळपास कुठल्याही पृष्ठभागावर चढणारा पॉलिडोपामाइनचा नॅनोमीटर जाडीचा लेप निघाला. ओल्या जखमेवर टिकेल अशा चिकट पदार्थांचा शोध याच वाटेने चालू आहे. कल्पक्कमच्या अणुवीज केंद्रातल्या अभियंत्यांना मात्र या डिंकाचे कौतुक नाही: समुद्राचे पाणी आणणाऱ्या मार्गात हेच शिनाणे बसते, आणि त्याला हुसकायला पाण्यात क्लोरीन सोडावे लागते.