घरातला समुद्र आणि त्यातले सोबती

पवना आणि मुळा ह्या नद्यांच्या संगमाजवळ वसलेल्या सांगवीस पाण्याची वाण कधी नव्हती. पण ते पाणी गोडे. खारे पाणी पाहावयाचे तर घाट उतरून कोकणातच गेले पाहिजे. मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले ते समुद्राच्या काठावर. रत्नागिरीचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ साली निघाले तेही किनाऱ्यालाच. सांगवीस मात्र समुद्र घरी तयार करावा लागतो. आमच्या भाच्याने आपल्या तेथील बिऱ्हाडी तो करावयाचे मनावर घेतले, तेव्हा आम्हांस हसू आले. पुढे जे घडले त्यावरून मात्र आम्ही सर्वच थोडेसे शहाणे झालो. तो अनुभव वाचकांपुढे ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

पेटी ६ फूट लांब, २ फूट रुंद व २ फूट उंच अशी घेतली. तीत सुमारे ६८० लिटर पाणी मावते, म्हणजे काच व दगड सोडून नुसत्या पाण्याचाच भार सुमारे ७०० किलो. ती वरच्या मजल्यावर ठेवण्यापूर्वी जाणत्या स्थापत्यविशारदास विचारून घेतले, हे बरे झाले. नळाचे पाणी गाळून, त्यातील क्लोरीन घालवून, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री क्षार मिसळले. स्वयंपाकघरातील मीठ येथे उपयोगी पडत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादींचेही क्षार असतात. माशांच्या मलमूत्रातील विषार नाहीसा करणारे सूक्ष्म जंतू पेटीत रुजावयास महिना-दीड महिना लागतो. तितका धीर भाच्याने धरला. चूक झाली ती पुढेच.

"हे सगळे एकत्र सुखाने नांदतात," असे एका दुकानदाराने सांगितले, आणि भाच्याने एक सिंहमासा, एक ट्रिगरमासा व तीन चिमुकले निळे डॅमसेल मासे एकदम घरी आणले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची धाकटी मुलगी धावत येऊन म्हणाली, "आजोबा, काल तीन निळे होते, आज एकच आहे!" सायंकाळपर्यंत तोही दिसेनासा झाला. सिंहमाशाने ते गिळले होते. पुढे तीन आठवड्यांत ट्रिगरने त्या सिंहमाशाचे पिसाऱ्यासारखे पर कुरतडून टाकले, आणि एके दिवशी तोही तळाशी पडलेला आढळला. आमची भगिनी एवढेच म्हणाली, "अरे, मारावयाचेच होते तर हे जीव आणलेस कशाला?" त्यावर कोणासच उत्तर सुचले नाही.

विचार केल्यावर ध्यानात आले की, ह्यात दुष्ट असा कोणीच नव्हता. जो तो आपल्या जातीस अनुसरून वागला. सोबत जुळविणाऱ्याने प्रत्येक माशाविषयी तीन प्रश्न विचारावयास हवे होते, ते आम्ही विचारले नाहीत.

पहिला प्रश्न तोंडाचा. सिंहमाशाच्या तोंडात जे मावेल ते त्याचे अन्न होय. येथे दुकानातील पिल्लाचे माप न धरता पूर्ण वाढलेल्या माशाचे धरावे. सिंहमासा वाढून फूटभराहूनही अधिक लांब होतो.

दुसरा प्रश्न दातांचा. ट्रिगरमासा व केंड ह्यांचे दात कवचे फोडण्यासाठी असतात, व समोर लोंबणारे काहीही चावून पाहण्याची त्यांस खोड असते. सिंहमासा संथ, त्याचे पर लांब. तेव्हा ह्या दोहोंशी त्याची सोबत करूच नये. ट्रिगर ह्या नावात गंमत आहे. त्याच्या पाठीवरील पहिला काटा उभा राहिला की दुसरा काटा त्यास बंदुकीच्या खटक्याप्रमाणे अडकवून धरतो, आणि मग फटीत शिरलेला मासा बाहेर ओढता येत नाही.

तिसरा प्रश्न जागेचा. पुष्कळ मासे आपला कोपरा ठरवून त्याची राखण करतात, आणि आपल्याच आकाराच्या व वळणाच्या नवागतावर अधिक चवताळतात. म्हणून सौम्य मासा प्रथम सोडावा व तापट मासा अखेरीस. नवा मासा सोडताना दगडांची मांडणी बदलावी, म्हणजे जुन्यांचा हक्क ढिला पडतो. तत्पूर्वी त्यास निराळ्या पेटीत महिनाभर ठेवावे, म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांसारखे रोग सर्वांस लागत नाहीत.

ह्या कसोटीवर दोन निरनिराळी कुटुंबे जुळतात. एक संथ शिकाऱ्यांचे: सिंहमासा, हिमकणांच्या नक्षीची वाम आणि शेवाळ खाणारा रॅबिटमासा. ह्या वामेचे दात बोथट असून तिचा मुख्य आहार खेकडे हा आहे. मात्र ती फटीतून निसटते, म्हणून झाकण घट्ट हवे. रॅबिटमाशाच्या काट्यांत विष असल्याने त्याच्या वाटेस सहसा कोणी जात नाही. अर्थात तोही लहान घेऊ नये. दुसरे कुटुंब चावऱ्यांचे: त्यातल्या त्यात मवाळ असा काळसर नायजर ट्रिगर, काटेरी केंड आणि चपळ सर्जनमासा. ठिपकेदार क्लाउन ट्रिगर दिसावयास देखणा, पण मोठा झाला की तो सहसा कोणासच नांदू देत नाही. त्यास एकट्यानेच ठेवावे.

कायद्याचेही भान हवे. समुद्रघोडा, राक्षसी हेकरू आणि प्रवाळ ह्यांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण आहे. ते कोणी विकावयास आणले तरी घेऊ नयेत.

आता आपल्या घरांचा प्रश्न. हे मासे मांसाहारी. त्यांस कोळंबी, माकुल, तिसऱ्या द्याव्या लागतात. जेथे मासळीचा वास खपत नाही, तेथे ही गोष्ट पेटी घेण्यापूर्वीच बोलून घ्यावी. वाघ पाळून त्यास दूधभात घालणे हे भूतदयेचे लक्षण नव्हे. भाच्याच्या घरी बराच खल होऊन अखेर गच्चीवर एक लहान शीतपेटी निराळी ठेवण्याचे ठरले. खाद्य लांब चिमट्याने द्यावे, कारण सिंहमाशाचे काटेही विषारी असतात. आणि वीज गेली की पाण्यातील प्राणवायू उणावू लागतो, म्हणून इन्व्हर्टर ही चैन न समजता गरज समजावी.

ट्रिगर जाणत्या गृहस्थाच्या मोठ्या पेटीत गेला. आज सांगवीच्या त्या पेटीत रॅबिटमासा, वाम व सिंहमासा असे तिघेच आहेत, आणि ह्याच क्रमाने ते आले. पेटी रिकामी वाटते, असे पाहुणे म्हणतात. ती धाकटी मुलगी मात्र रोज सकाळी शाळेस जाण्यापूर्वी काचेपुढे उभी राहून मोजते. गेले वर्षभर तिची मोजणी तीनच भरते आहे.